ग्रे म्हणजे राखाडी नव्हे

मृणालीने फोनवर वीस मीटर ग्रे कापड मागितलं आणि टेमघरच्या लूम कारखान्यातून वीस मीटर ग्रे दारात हजर झालं. गंमत अशी, की तिला हवं होतं राखाडी. भिवंडीत मात्र ग्रे म्हणजे लूमवरून नुकतं उतरलेलं, बिनरंगाचं कोरं कापड. इथेच जन्मलेल्या मुलीला एवढंही ठाऊक नसावं, याची तागा खांद्यावर घेऊन आलेल्या प्रितमला भारी मौज वाटली.

"मॅडम, हे ग्रेच हाय."

"भुताच्या सिनेमाला पडदे शिवायचेत मला. हे लावलं तर भूत बारशाला आल्यासारखं वाटेल."

तो हसला. तिला त्याच्या हसण्याचा राग आला, आणि गालावरच्या खळीचा तर त्याहून जास्त.

हसणं तिच्या जिव्हारी लागायचं, त्याला कारण होतं. तिच्या आधीच्या दोन्ही भयपटांना प्रेक्षक खदाखदा हसले होते. वडील, श्रीनाथ मास्तर, तेव्हाच बोलून बसले होते, "पुढच्या खेपेलाही लोक हसले, की गुपचूप बी.एड.चा फॉर्म भरायचा." ठाण्याची लघुपट स्पर्धा आठवड्यावर आली होती. नव्या सिनेमाची सुरुवात तिने प्रितमला मोबाइलवर दाखवली. निळा अंधार, वीज, घुबड, किंकाळी, सगळं होतं त्यात.

"भीती वाटली?"

"घुबडाची दया आली," तो म्हणाला. "कारखान्यात या. भीती काय असते, दाखवतो…"

कारखान्यात बारा लूम खटखटत होते. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना. मृणालीने मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. उन्हात कोरं कापड पुढे सरकत होतं, त्याच्या किनारीला एकच लाल धागा. प्रितम तिच्याजवळ वाकून काहीतरी बोलला.

"काय?" ती ओरडली.

त्याने मान हलवली – काही नाही – आणि मेन स्विच बंद केला.

बारा लूम एकदम गप्प झाले. ती शांतता अशी अंगावर आली, की मृणालीने त्याची बाही गच्च धरली.

"आमच्याकडं लूम चालू असले की पोर गाढ झोपतं," तो म्हणाला. "बंद पडले, की दचकून उठतं."

तिने बाही सोडली… जरा उशिरानेच.

मग घुबड गेलं, वीज गेली, निळा अंधारही गेला. ठाण्याच्या स्पर्धेत पडद्यावर दिसलं ते फक्त भरदुपारचं कोरं कापड, आणि ऐकू आली लूमची खटखट. किनारीचा लाल धागा हळूहळू मधे सरकू लागला… बोटभर… वीतभर… आणि खटखट थांबली. दहा सेकंद काहीच नाही. भरल्या सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. तिसऱ्या रांगेत मास्तरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. सिनेमा संपेपर्यंत एकही माणूस हसला नाही, आणि पहिलं बक्षीस जाहीर झालं तेव्हा टाळ्यांनी छत दणाणलं.

मृणाली करंडक घेऊन थेट सभागृहाच्या दाराशी उभ्या असलेल्या प्रितमपाशी आली. टाळ्या चालूच होत्या.

"त्या दिवशी कारखान्यात काय म्हणाला होतास?"

"काय न्हाय… असंच."

"माझ्या मोबाइलने ऐकलंय ते. एडिटिंग करताना मीही ऐकलं, पंचवीस वेळा. आता तोंडावर बोल की."

प्रितमचे कान लाल झाले. त्याने होता नव्हता तेवढा धीर गोळा केला. पण लूमच्या खटखटीत वाढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, आणि टाळ्या नेमक्या त्याच क्षणी थांबल्या.

"तू चिडतेस ना, तवा लय आवडतेस मला!"

सगळं सभागृह खो-खो हसलं. मृणालीने दचकून वडिलांकडे पाहिलं. मास्तर रुमालात तोंड लपवून सगळ्यांत जास्त हसत होते.

"हसू देत," ती म्हणाली, आणि शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात तिने उत्तर दिलं, "मलाही तू आवडतोस."