परमुख

पडद्यावरची बाई शाळेच्या वसतिगृहातल्या दिवसांविषयी हातांनी सांगत होती आणि अमरावतीच्या कर्णबधिर मंडळाचं सभागृह तिच्याकडे टक लावून पाहत होतं. रुंद, सावळा, चाळिशीतला चेहरा. असा चेहरा असलेली बाई जगात कुठेच नव्हती.

त्या चेहऱ्याला परमुख म्हणत. ऐकू येणाऱ्या माणसाला नाव लपवून साक्ष द्यायची असेल, तर त्याचा आवाज बदलून भागतं. खुणांच्या भाषेत तसं होत नाही. तिथे भुवई उचलली की प्रश्न होतो, गाल फुगवले की वस्तू मोठी होते. चेहरा झाकला तर निम्मं वाक्यच जातं. म्हणून डॉ. इरफाना मुजावर यांनी यंत्र घडवलं होतं. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरची प्रत्येक हालचाल ते उचलायचं आणि कुणाच्याच नसलेल्या चेहऱ्यावर बसवायचं.

त्यांना हे यंत्र करायला लावलं ते शर्वरी वानखडेने. शर्वरी समाजकार्याची संशोधक. तिचे आईवडील बधिर, त्यामुळे ती बोलायच्या आधी खुणा शिकली होती. जुन्या निवासी शाळांत खुणा करायला बंदी होती. तिथे मुलांचं काय झालं, याचा ती अभ्यास करत होती आणि जमलेल्या साक्षी चौकशी समितीपुढे ठेवणार होती. पण कुणी सांगायला धजत नव्हतं. एका शाळेचे तेव्हाचे अधीक्षक आता मोठ्या संस्थेचे अध्यक्ष होते आणि मंडळातल्या कित्येकांच्या नोकऱ्या त्यांच्या शब्दावर होत्या.

शेवटी तशाच एका शाळेत शिकलेली रेवती गावंडे तयार झाली. साक्षीआधी प्रयोगशाळेत तिने एकच शंका काढली. शर्वरीने ती बोलून दाखवली.

“रेवती विचारतेय, चेहरा बदलेल, पण हातांचं काय? मंडळात हिला नुसत्या हातांवरूनही ओळखतात.”

“अक्षराला वळण असतं ना, तसं हातांनाही असतं,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “आम्ही त्याला हातवळण म्हणतो. यंत्र तेही पुसतं. खुणा त्याच राहतात, पण कुणाच्या ते कळत नाही.”

“आणि मूळ चित्रण?” शर्वरीने विचारलं.

“तिथल्या तिथे नष्ट होतं. ठेवलं तर उद्या कुणीतरी मागेल.”

रेवतीचं समाधान झालं. साक्ष झाल्यावर तयार चित्रण तिने घरी नेलं आणि मान्यता देण्याआधी पुन्हा पुन्हा पाहिलं. दुसरीच कुणी आपलं दुःख सांगतेय, याचं तिला नवल वाटत होतं. बरंही वाटत होतं.

आता सभागृहात ती बाई सांगत होती, “खुणा करताना पकडलं, तेव्हा वेणीच्याच रिबिनीने माझे हात मागे बांधले. जेवतानाही सोडले नाहीत. शेजारच्या मुलीने मला घास भरवले.”

रेवतीच्या बाजूला तिची वसतिगृहातली मैत्रीण कुंदा बसली होती. ती ताडकन उठली.

“घास मी भरवले होते,” तिचे हात सर्वांना दिसतील असे उंच होते. “या बाईला नाही. रेवतीला. ही आमच्या शाळेत नव्हतीच.”

सभागृहात हात हलू लागले. कोण ही? कोणत्या तुकडीतली? बधिर माणूस आधी आपली शाळा सांगतो, कुणाबरोबर शिकला ते सांगतो, मग बोलतो. ही बाई कुणालाच ठाऊक नव्हती.

“हिने तुझी गोष्ट चोरली,” कुंदा रेवतीला म्हणाली. “चौकशी समितीपुढे हे गेलं, तर सगळ्यांनाच खोटं ठरवतील.”

रेवतीने शर्वरीकडे पाहिलं. शर्वरीने खुणेनेच तिला बजावलं, “एकदा उघड झालीस, की मला तुला लपवता येणार नाही. विचार कर.”

रेवती मंचावर गेली. “ती मीच आहे,” तिने सांगितलं. मग पहिल्यापासून सांगायला घेतलं.

मागे उभ्या असलेल्या डॉ. मुजावर यांना खुणा येत नव्हत्या. तरी काहीतरी बिनसतंय, हे लोकांच्या चेहऱ्यांवरून त्यांना कळलं. “काय झालं?” त्यांनी विचारलं.

“रेवतीचे हात झपाझप चालतात, वाक्य संपताना डावा हात खाली पडतो. लहानपणापासून तसेच,” शर्वरी हळू आवाजात म्हणाली. “आज पडद्यावरच्या बाईसारखे चालताहेत. तेच थांबे, तोच संथपणा.”

“ते चित्रण पुन्हा पुन्हा पाहून तिच्या हातांनी तेच वळण उचललं असेल,” डॉ. मुजावर म्हणाल्या.

“मग तिचं मूळचं वळण यंत्रातून परत मिळेल?”

“नाही. पुसलेलं आम्ही ठेवतच नाही.”

कुंदा मंचाजवळ गेली होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भांबावलेपण होतं. शर्वरी तिच्या खुणा बोलून दाखवू लागली.

“ती म्हणतेय, तुझ्यावर माझा विश्वास आहे, रेवती. तुझे बांधलेले हात मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. पण हे त्या बाईचं झालं. तू तुझं सांग.”

रेवतीने हात खाली घेतले, झटकले, पुन्हा उचलले. पहिलीच खूण हवेत उमटली. सुबक, संथ, कुणाचीच नसलेली. कुंदाने नकारार्थी मान हलवली. रेवतीने पुन्हा सुरुवात केली.