पवनेच्या माशाची नथ

पिंपळे गुरवला पवना नदीच्या डोहावर हौसाने जाळं फेकलं, आणि ते पडलं गळ्याइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या सरकारी माणसावर!

"अहो बाई, मी मासा नाही! मत्स्य खात्यातला ज्योतीराम... नदीतले मासे मोजायला आलोय."

"मग आधी सोताला मोजा की. एक नग!" ती खळखळून हसली. मासेमारी करणाऱ्या भोयांच्या या तरुण विधवेला गावाने हसू माफ केलं नव्हतं. ती हसायचीच.

मग रोज सकाळी होडी तिची, मोजणी त्याची. मरळ, वाम, शिंगाळा... जाळ्यात येईल ते मोजून तो पुन्हा पाण्यात सोडायचा. मोठा महाशीर मिळाला, तर त्याच्या ओठाला आकडा कोरलेली पितळी कडी अडकवायचा. तोच मासा पुन्हा सापडला तर ओळखू यावा म्हणून.

"नथ घालताय व्हय त्याला?"

"शोभते ना?"

"शोभती की. माशाला चालती... मलाच न्हाई चालत."

कडी बसवताना त्याची बोटं तिच्या ओल्या मनगटाला लागली. हात कुणीच काढला नाही. शेवटी मासाच कंटाळून निसटला!

पण डोह रिकामा होत चालला होता. पिंपरीच्या नव्या कारखान्यांना दगड पुरवणारा ठेकेदार नानासाहेब खाणीतले सुरुंग पाण्यात टाकायचा. एका धडाक्यात पिल्लांसकट सगळं मरायचं आणि भोयांच्या चुली विझायच्या. कायद्याने गुन्हा, पण विचारलं की म्हणायचा, "पुरावा दाखवा." आणि गाव? फुकटचे मासे खाऊन ढेकर देत होतं!

नानासाहेबाच्या नातवाच्या बारशाला मामलेदार जेवायला आले. मासे साफ करायला हौसाला बोलावलं होतं. एक भलाथोरला महाशीर उचलला आणि तिची विळी थांबली. मासा घेऊन ती तशीच भर पंगतीत शिरली.

"नानासायब, ह्यो मासा कुठला?"

"भीमेचा. बर्फात घालून आणलाय."

"मग भीमेच्या माशाला पवनेची नथ कुणी घातली?"

पंगतीने हातातला घास ताटात टाकला. तिने तिथेच पोट चिरलं. आतल्या हवेच्या फुग्याच्या चिंध्या झालेल्या.

"जाळ्यानं फुगा फुटतो व्हय, सायब, का सुरुंगानं?"

मामलेदार ताटावरून उठले. पंचनामा झाला, नानासाहेबाचा ठेका गेला, डोहातला धडाका कायमचा थांबला.

दुसऱ्या दिवशी ज्योतीराम घाटावर आला. "हौसा, ती कडी दे. सरकारी आहे."

"न्हाई देत. मी मिळवलीय."

"मग... बदल्यात ही घे." त्याने खिशातून मोत्यांची नथ काढली.

तिने नथीकडे पाहिलं. "विधवेचा पाट रातचा लावत्यात, तोंड लपवून. ठावं हाय नव्हं?"

"म्हणूनच पाट नाही. लग्न. भर दुपारी, याच घाटावर."

"आन गाव?"

"गावाने चोरीचे मासे गिळले. हेही गिळेल!"

हौसाने नथ घातली, पाण्यात वाकून पाहिली. मग जाळं उचललं आणि फेकलं... या वेळी अगदी नेम धरून.

"एक नग," ती म्हणाली. "पर ह्यो परत सोडायचा न्हाई!"