अंधारखोलीच्या दाराबाहेर

भालचंद्र मुजुमदारांचं एक वागणं राजलक्ष्मीला मुळीच सोसलं नाही. ते मदत करत. न विचारता, न सांगता… आणि वर चेहरा असा सोज्वळ, जणू आत्ताच देवघरातून उठून आले आहेत!

लष्कर शहरातल्या कॉलेजात फिजिक्सच्या वर्गात तेवीस मुलगे आणि ती एकटी. तिची खुर्ची भिंतीकडेला, वेगळी. प्रोफेसरांच्या मागून वर्गात शिरायचं, त्यांच्याच मागून बाहेर पडायचं. प्रयोग जोडीजोडीने चालत. तेवीसांत एक उरतोच. पण तो तिसरा होऊन दुसऱ्या जोडीत घुसला, तिच्या टेबलाशी काही आला नाही. तिला काय देवी आल्या होत्या? दुपारचा डबा ती जुन्या नकाशांच्या खोलीत खाई. अकरा ते चार तोंडातून शब्द निघत नसे. प्रयोग संपला की मुलं एकमेकांना विचारत, "अबे, तेरा कितना आया?" तिचं किती आलं, याच्याशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं.

प्रकाशाच्या प्रयोगांना अंधारखोली लागे. मुलगी आत असली की पुरुषाने आत पाऊल टाकायचं नाही. आणि दार उघडं ठेवावं तर उजेडाने दुर्बिणीतली प्रकाशाची रेघच दिसेना. म्हणून तिला एकटीला आत सोडून दार लोटून घेत. दिवाळीपासून तिचं वर्णपट बघायचं पितळी यंत्र पहिल्याच नजरेला जुळत होतं. दुर्बिणीत रेघ कशी चोख! तिला वाटे, हात बसला आपला.

फाल्गुन लागायच्या आधीची गोष्ट. दाट धुकं बघून टांगेवाल्याने अर्धा तास आधीच हाक दिली, आणि ती लवकर पोचली. अंधारखोलीत कुणीतरी वाकलेलं… दिवाळीत नवे आलेले डेमॉन्स्ट्रेटर, भालचंद्र! हात तिच्या यंत्रावर. ते दचकून उभे राहिले.

"हे रोज तुम्ही लावून ठेवता?"

"तुम्हाला अंधारात फार वेळ थांबावं लागू नये म्हणून… लोक बोलतात."

"लोक बोलतात? माझ्याशी तर कुणी बोलत नाही!"

ते चष्म्याच्या काचा पुसत राहिले.

"परीक्षेला महिना उरलाय. बाहेरचे परीक्षक यंत्र विस्कटून पुढ्यात ठेवतील, तेव्हा तुम्ही काय माझ्या पदराआडून निघणार आहात? उतरले तर दादा बनारसला एम.एस्सी.ला पाठवणार आहेत. नाहीतर सरळ बोहल्यावर! आणि तुम्ही मला आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला लावल्यात."

"चुकलं माझं." आवाज खरोखर खाली आला होता. "मग आता…?"

"आता विस्कटा. सगळं."

त्यांनी एकेक स्क्रू फिरवला, बाहेर गेले, आणि दार लोटून घेतलं. ती आत, ते बाहेर. मधे सागवानी फळी.

"दिसतंय काही?" फळीपलीकडून.

"काळोख."

"चांगली सुरुवात आहे. आता लोलक हळूच फिरवा. रेघ सापडली? चालतेय?"

"चालतेय… सरकतेय…"

"चालू द्या. एका जागी ती थबकेल आणि मागे वळेल. तिथे पकडायची."

"का वळते?"

"बघणाऱ्याची दया येते तिला."

"हे पुस्तकात आहे?"

"नाही… हे दाराबाहेर आहे."

अंधारात तिला हसू फुटलं. बरं झालं, दिसलं नाही.

पहिल्या दिवशी रेघ हाती लागली नाही. दुसऱ्याही नाही. पाचव्या दिवशी लागली. ती आकडे मांडत होती, तोच बाहेरून हळूच आलं, "तुमचं किती आलं?"

पेन्सिल थांबली. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारत होतं. आकडा सांगायला तिला दोनदा तोंड उघडावं लागलं.

महिनाभर हेच. एकमेकांची तोंडं क्वचित दिसायची, आवाज मात्र ओळखीचे झाले. परीक्षेच्या दिवशी तिचं विस्कटलेलं यंत्र तिनेच जुळवलं. परीक्षकांनी भुवई उंचावली, आणि मार्क दिले.

जेठात निकाल लागला, पहिला वर्ग. दाखला घ्यायला ती कॉलेजात आली, तर व्हरांड्यात भालचंद्र. लूचे गरम वारे वाहत होते. त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटलेला.

"आत्याला सांगितलंय मी," ते घाईने म्हणाले. "उद्या गोरखीत तुमच्या घरी येईल, पत्रिका घेऊन. आणि बनारस… तिथेही भिंतीकडेची एकच खुर्ची असेल हो. इथे मुलींच्या शाळेत जागा आहे, मी बोलून ठेवलंय. तुम्ही पुन्हा एकट्या पडू नये… एवढंच."

हेच शब्द ऐकण्यासाठी तिने कित्येकदा त्या फळीला कान लावला होता. आणि खुर्चीचं खोटं नव्हतं. तिथे कुणी विचारणार नव्हतं, किती आलं म्हणून. हो म्हणणं किती सोपं होतं…

तिने पदर खोचला.

"माणूस तुम्ही लाखात एक, आणि मला तुम्हीच हवे आहात. झालं समाधान? पण मला विचारायच्या आधी शाळेत बोलून आलात, ते सपशेल चूक. मी बनारसला जाणार. तिथे एकच खुर्ची असेल, तर ती रिकामी ठेवायची होय? आत्यांना उद्या नाही, दोन वर्षांनी पाठवा. तोवर वाट बघायचं काम तुमच्याकडे; मला तिथे वेळ मिळायचा नाही."