लवंगांच्या बेटांचा अर्धा नकाशा

"सरक ना जरा! किल्ली माझ्याकडे आहे!" असं म्हणत नूरने कपाटाला किल्ली लावली, आणि वासंतीच्या पोटात रोजच्यासारखं दुखलं.

ते दुखणं डॉक्टरांना दाखवण्यासारखं नव्हतं. घोरपडे पेठेतल्या दादामियाँच्या माडीवर वासंती दर मे महिन्यात पडीक असायची. दादामियाँ मसाल्याचे व्यापारी. लहानपणी दुकानात बसल्या बसल्या त्यांना प्रश्न पडला, की ही लवंग येते तरी कुठून? त्याचं उत्तर शोधता शोधता त्यांनी सफरींच्या नि शोधांच्या जुन्या, दुर्मीळ पुस्तकांनी अख्खं कपाट भरलं. सुट्टीत त्या कपाटाची किल्ली ते एका मुलाकडे सोपवत. पुस्तकं झटकायची, कसर लागू नये म्हणून फळ्यांवर वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवायच्या आणि कुणी ओला हात लावलाच तर त्याच्यावर खेकसायचं, हा त्या मुलाचा मान! यंदा तो आपलाच, असं वासंतीने धरूनच ठेवलं होतं. आणि किल्ली मिळाली कुणाला? संक्रांतीला पेठेत राहायला आलेल्या नूरबानूला!

"म्हणे, तिचे हात कोरडे असतात! माझे काय नळाखाली असतात?" वासंती फणकारली.

"तू वाचताना कैरी खातेस," दादामियाँचा नातू अकबर म्हणाला. "मागच्या वर्षी अख्ख्या आफ्रिकेवर तिखटमीठ सांडलं होतंस."

"तुला कुणी विचारलं?"

एवढ्यात कपाटाशी गेलेल्या दादामियाँनी अशी आरोळी ठोकली, की खाली रस्त्यावरचा कुत्रासुद्धा भुंकायला लागला.

"गेलं! माझं पुस्तक गेलं!"

गेलं होतं ते साधंसुधं पुस्तक नव्हतं. लवंगांच्या बेटांकडे गेलेल्या एका जुन्या खलाशाची सफर, दोन खंडांत. दादामियाँ आणि बिबवेवाडीचे हिंदुराव हे एके काळचे जिवलग दोस्त. दोघांनाही जुन्या पुस्तकांचं वेड. एका रविवारी जुन्या बाजारात एकाच ढिगातून पहिला खंड दादामियाँच्या हाती लागला आणि दुसरा हिंदुरावांच्या. "तुझा मला दे," हे म्हणाले. "तूच तुझा दे," ते म्हणाले. झालं! त्या दिवसापासून दोस्तीला कसर लागली. पहिल्या खंडात नकाशाचा डावा अर्धा भाग होता. त्यात गलबताची वाट समुद्रात जाऊन पानाच्या कडेला संपायची. उजवा भाग दुसऱ्या खंडात. त्यात बेटं होती, पण तिथे जायची वाट कुठून येते ते नव्हतं! तरी हिंदुराव अधूनमधून चहाच्या निमित्ताने यायचे आणि कपाटाकडे मान वेळावून बघायचे. मांजर दुधाकडे बघतं तसं.

"त्याला दिसू नये म्हणून मी पुस्तकाला खोटं कव्हर घातलं होतं," दादामियाँ खाटेवर बसत म्हणाले. "कसलं, ते सांगणार नाही. भिंतींना कान असतात. ते कव्हर मला ठाऊक आणि डिंकाची बाटली धरणाऱ्या या नूरला ठाऊक. परवा मी माझ्या हाताने पुस्तक कपाटात ठेवलं. किल्ली नूरकडे. आणि परवाच हिंदुराव येऊन गेला!"

अकबरची अम्मी, नसीमबानू, स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली.

"सूनबाई, माझं लवंगांच्या बेटांचं जुनं पुस्तक तुम्ही कुणाला दिलंत का?"

"अब्बा, तुमच्या जुन्या पुस्तकांना मी बोटसुद्धा लावत नाही," ती म्हणाली. आणि तिच्या मते ते अगदी खरं होतं.

मग दादामियाँ नूरकडे वळले. "नूर, बेटा, हिंदुरावाला तू काही बोललीस?"

"नाही, दादामियाँ."

"दुसऱ्या कुणाला?"

"नाही. आपण कुणाला सांगू नको म्हणालात ना!"

तेवढं सोडून ती एक अक्षर बोलली नाही. दादामियाँनी हात पुढे केला. नूरने किल्ली त्यांच्या तळव्यावर ठेवली आणि ती धडधड जिना उतरून गेली.

"वासंती," दादामियाँ म्हणाले, "घे. आता तूच सांभाळ."

किल्ली! अखेर किल्ली! वासंतीने ती फ्रॉकच्या खिशात टाकली. आता तिला इतका आनंद व्हायला हवा होता, की विचारू नका. झालाही. पण तो काही केल्या खिशात नीट बसेना.

तिने पुस्तकं झटकली, आफ्रिकेची जरा जास्तच झटकली, आणि तहान लागली म्हणून ती माठाकडे गेली. पेला बुडवते तोच माठाची तिवई डुगडुगली. एका पायाखाली कसलंसं जाडजूड, बिनकव्हरचं पुस्तक सरकवलेलं होतं. वासंती वाकली. पहिल्याच पानावर नफा-तोट्याची उदाहरणं आणि बाजूला अकबरच्या अक्षरात लिहिलेलं: 'देवा, वाचव!'

हे तर अकबरचं सातवीच्या गणिताचं गाईड! मग याचं कव्हर कुठे गेलं?

आणि कालच तर अकबर बढाई मारत होता, की पास झाल्याबरोबर अम्मीने त्याची सगळी पुस्तकं बिबवेवाडीच्या भाजीवाल्या सोजरबाईंच्या नातवाला देऊन टाकली, गणिताच्या गाईडसकट. गाईड जर इथे तिवईखाली, तर गठ्ठ्यात गेलं ते काय?

वासंतीच्या हातातला पेला तसाच राहिला. खोटं कव्हर! परवा दादामियाँ नकाशा बघत बसले असणार, जिन्यात हिंदुरावांचा खोकला ऐकू आला असणार, आणि घाईघाईत पुस्तक भलतीकडेच ठेवून 'कपाटात ठेवलं' असं त्यांनी मनाशी पक्कं केलं असणार!

खिडकीतून खाली बघितलं तर नूर पायरीवर बसली होती. गुडघ्यात डोकं घालून.

खरं सांगायचं तर वासंतीला आधी तिची दया आली नाही. आधी मनात आलं ते असं, की गप्प बसलं तर किल्ली आपलीच! कुणाला कळणार आहे? पुस्तक काय, आज ना उद्या सापडेल. पण मग तिला आठवलं, की कव्हर कसलं हे नूरला ठाऊक होतं. 'गाईड' हा एक शब्द बोलली असती तर ती वाचली असती. तरी शब्द दिला म्हणून ती बोलली नाही. आपण बोललो असतो. दोनदा बोललो असतो! या विचाराने वासंतीला नूरचा पहिल्यापेक्षाही जास्त हेवा वाटला. आणि जिच्याशी शर्यतच लावली नाही, तिला हरवल्याच्या बक्षिसात कसली आलीय मजा?

"अकबर! तासावर दोन सायकली घे!" ती जिन्यावरूनच ओरडली. "नूर, रडणं पुरे. माझ्या कॅरिअरवर बस. तुझी किल्ली तुला परत मिळवून द्यायला सोजरबाईंकडे जायचंय!"

तिने अकबरच्या अम्मीला फक्त एवढंच विचारलं, "चाची, ते गठ्ठ्यात दिलेलं गाईड होतं कुठे हो?"

"खिडकीत लोळत होतं. या घरात कुणी वस्तू जागेवर ठेवतं का!" अम्मी म्हणाली.

स्वारगेट ओलांडलं, गुलटेकडीचा चढ लागला. नूर कॅरिअरवरून उतरून मागून सायकल ढकलू लागली. "गाईड होतं ना कव्हर?" वासंतीने धापा टाकत विचारलं. नूरने फक्त डोळे मोठे केले. "बरं बाई, नको सांगूस!"

बिबवेवाडीत सोजरबाईंचं अंगण म्हणजे हिंदुरावांच्या घराला लागूनच. अंगणात कापडावर कुरडया वाळत होत्या. वाऱ्याने कापड उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर वजनं ठेवलेली. तीन कोपऱ्यांवर दगड. आणि चौथ्यावर सातवीच्या गणिताचं गाईड! गाईडवर चहाची कपबशी, आणि शेजारी बाजेवर खुद्द हिंदुराव!

"या अल्ला!" अकबर पुटपुटला.

"काय रं पोरांनू? त्या दादामियाँनं धाडलंय व्हय? मला चोर म्हनतोय त्यो! मघाशी निरोप आलाय. मी काय पुस्तकं चोरनारा मानूस हाय?" असं म्हणून हिंदुरावांनी कप उचलला, फुर्रकन घोट घेतला आणि कप पुन्हा गाईडवर टेकवला. नूरने डोळे घट्ट मिटले.

"बजरंग, सुट्टीत गाईड उघडलंस का रे?" अकबरने सोजरबाईंच्या नातवाला विचारलं.

"सुट्टीत? गणिताचं?" बजरंग त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत राहिला.

"मग बघू, मीच बघतो ह्यात काय शिकवत्यात," हिंदुराव म्हणाले आणि त्यांनी गाईडकडे हात नेला!

मत्सर कसा असतो, तो माणसाला कसा बाजेवरून उठवतो, हे वासंतीइतकं कुणाला ठाऊक असणार? ती पटकन म्हणाली, "काका, दादामियाँ म्हणत होते, हिंदुरावाकडे कसला आलाय नकाशा! असला तर फाटका असेल."

हिंदुराव ताडकन उठले. "फाटका? माझा नकाशा फाटका? थांब, आनतोच भाईर!"

ते घरात गेले मात्र, नूरने कपबशी उचलली, अकबरने कोपऱ्यावर दगड ठेवला आणि वासंतीने गाईड छातीशी धरलं. आत वेखंडाचा वास येत होता. कव्हर जरा उचलून बघितलं तर तेच पुस्तक, तोच नकाशा! चहाचा गोल डाग फक्त गाईडच्या कव्हरवर.

"आगं पोरींनो, त्ये बजरंगचं हाय!" सोजरबाई ओरडल्या.

"आजी, चुकून भलतंच आलंय. खरं गाईड उद्या आणून देते. कव्हरसकट!" वासंती म्हणाली.

हिंदुराव रेशमी फडक्यात गुंडाळलेला दुसरा खंड घेऊन बाहेर आले. पळून जायला हरकत नव्हती, पण वासंतीला आता आणखी एक युक्ती सुचली होती.

"आम्हाला काय दाखवता, काका? हिंमत असेल तर दादामियाँना दाखवा!"

"चला!" हिंदुरावांनी मोटारसायकलला किक मारली.

माडीवर दोघं म्हातारे समोरासमोर आले. "चोरा!" म्हणायला दादामियाँनी तोंड उघडलं, तोच वासंतीने गाईड त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि सगळी हकीकत धडाधड सांगून टाकली. खिडकी, तिवई, कुरडया, चहा. दादामियाँचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"म्हंजी," हिंदुराव सावकाश म्हणाले, "जल्मभर ज्याच्यामागं हिंडलो, त्याच्यावर मी बशी ठिवली?" आणि ते इतके हसले, की खोकला लागला. दादामियाँनी स्वतः उठून त्यांना पाणी दिलं. माठाची तिवई अजून डुगडुगत होती.

मग दादामियाँ नूरपुढे आले. "बेटा, गुपित तू राखलंस, विसरलो मी. चुकलं माझं. आणि वासंती, तुझ्यासारखं डोकं या पेठेत दुसरं नाही!"

"आन् जीभ बी," हिंदुराव म्हणाले. "मला गुलटेकडी उतरवून आनलं पोरीनं! शाब्बास!"

वासंतीने खिशातून किल्ली काढली. ती द्यायला हात पुढे केला खरा, पण बोटं काही उघडेनात. "दादामियाँ," ती एकदम म्हणाली, "कुलूप घेतलं की दोन किल्ल्या मिळतात. दुसरी कुठे आहे?"

दादामियाँ ओशाळले. त्यांनी गळ्यातला काळा दोरा बाहेर ओढला. दोऱ्यात दुसरी किल्ली होती! "वाटायचं, एक तरी आपल्याकडे असावी," ते पुटपुटले. त्यांनी दोरा काढून नूरच्या गळ्यात घातला.

मग दोन्ही खंड चटईवर शेजारी शेजारी उघडले. डाव्या पानावरची वाट कडेला आली आणि न थांबता उजव्या पानावर गेली. थेट बेटांपर्यंत! बघायला दोघं म्हातारे एकदमच वाकले आणि त्यांची डोकी ठाणकन आपटली.

"हात पुसलेत का?" वासंती आणि नूर दोघी एकदमच त्यांच्यावर खेकसल्या.

म्हाताऱ्यांनी निमूटपणे हात धोतराला पुसले. तेवढ्यात नूरचं कोरडं बोट लवंगांच्या बेटावर सगळ्यांच्या आधी पोहोचलं, आणि वासंतीच्या पोटात पुन्हा जरासं दुखलं. पण ती सरकली आणि तिने नूरला शेजारी जागा करून दिली.