पडता हात

मास्तरांच्या घरी सकाळी चहाच्या आधी गिटारी निघायच्या. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर, मध्ये जेमतेम गुडघे मावतील एवढी जागा. एकीवर मास्तर, दुसरीवर त्यांची धाकटी. पूर्वी तिथं तिचा दादा बसायचा. आता तो खिडकीपाशी बसून डाव्या हातानं पेपर उलटायचा.

"मारू नकोस," मास्तर म्हणायचे. "हात पडू दे. तार वाजवतेस की डास मारतेस?"

जिप्सी जॅझमध्ये लीड, म्हणजे मुख्य सुरावट, वाजवणाऱ्याचा उजवा हात कशालाही टेकत नाही. मनगट मोडल्यासारखं वाकलेलं, पंजा तारांवर अधांतरी. बोटांत धरलेली जाड नखी नुसत्या वजनानं तारेवरून खाली पडते आणि पुढच्या तारेवर जाऊन विसावते. आणि नवी तार आली की पहिला घाव खालीच, मग आधीचा घावही खालीच गेलेला का असेना. धाकटीचं घोडं तिथंच अडायचं. घाईत तिचा हात नव्या तारेवर वरच्या दिशेनं जायचा. मास्तरांचे डोळे मिटलेले असायचे, तरी त्यांना कळायचं.

"उलटा," ते म्हणायचे. बस्स, एवढंच.

रविवारी दुपारी हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. मास्तरांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता, त्यामुळे ते नुसता ठेका धरणार होते. लीडची खुर्ची धाकटीची होती, हात बसला तर. लहानपणी शिकवणी फक्त दादाला असायची. ती आत दादाचे शर्ट इस्त्री करत दाराआडून एकेक सूर पाठ करायची. अंगठ्याच्या मुळाशी इस्त्रीनं पोळल्याचा चंद्रकोरीसारखा डाग होता, तो त्या दिवसांतला.

पुढे ऐन भरात असताना दादाचा उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मास्तर चारचौघांत म्हणायचे, "कामचुकार. हातानंसुद्धा कंटाळा केला." दादा पेपरचं पान उलटायचा.

गुरुवारी ती कप विसळत होती, तेव्हा तो मागं येऊन उभा राहिला.

"उलटा मारत जा."

"काय?"

"नव्या तारेवर. चुकत राहा. बरोबर येऊ देऊ नकोस."

"जळतोस माझ्यावर."

"जळतोच," तो म्हणाला. "तरी ऐक. हात मेल्यासारखा झाला की सूर फार सुंदर लागतो. पण मग तो हात..."

बाहेरच्या खोलीत मास्तर चहा ढवळत होते. तो चमच्याचा आवाज थांबला. दादा पाणी पिऊन निघून गेला.

शुक्रवारी तिचा हात पडू लागला. आपोआप. नखी तारेवरून घरंगळायची आणि जाड, गोल सूर खोलीभर व्हायचा. मास्तर एकदाही "उलटा" म्हणाले नाहीत. तिला वाटलं, जन्माचं सार्थक झालं. नंतर ब्लाउजचं बटण लावताना बोटं अंगाखाली दबून झोपल्यासारखी झाली होती. गारही होती.

शनिवारी चहा घेताना तिच्या लक्षात आलं, मास्तरांची बशी आज रोजच्यासारखी खडखडत नाही. तिनं पाहिलं. त्यांच्या उजव्या करंगळीखाली तीळ होता, ठसठशीत. तो तीळ तिच्या ओळखीचा होता. आई त्यावरून दादाला चिडवायची.

"बाबा, हा तीळ?"

"होताच की."

तिनं खिडकीकडं पाहिलं. दादानं आपला निकामी हात मांडीवर पालथा ठेवला होता. करंगळीखाली काहीही नव्हतं.

रविवारी हॉल भरला. पांढऱ्या चादरींची टेबलं, उंच खिडक्यांतून आलेलं ऊन. दादा पहिल्या रांगेत. मास्तरांनी ठेका धरला. तिनं पहिली ओळ वाजवली आणि नव्या तारेवर मुद्दाम वर घाव घातला.

उलटा.

पुन्हा एकदा. दादानं हळूच मान डोलावली.

मास्तर तिच्याकडं झुकले. ठेका सुटला नव्हता.

"लोक काय म्हणतात माहीत आहे?" ते हसून म्हणाले. "म्हणतात, तुमच्या लुळ्या मुलानं बरं वाजवलं असतं. मी म्हटलं, ही इस्त्रीच बरी करते."

शब्द जिव्हारी लागले. तिनं दादाकडं पाहणं सोडलं.

हात पडू दिला.

असा सूर तिनं कधी ऐकला नव्हता. बशा वाजायच्या थांबल्या. वेटर जागीच उभे राहिले.

टाळ्या झाल्या. टाळ्यांत नखी पडली, ते तिला कळलं नाही.

मास्तरांनी वाकून ती उचलली. "दमलीस," ते मायेनं म्हणाले. "आता मी घेतो."

त्यांनी लीड घेतलं. हात जराही कापला नाही.

त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी पोळल्याची चंद्रकोर होती.

तिनं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून पाहिला. कातडी कोरी होती.

दुसऱ्या दिवशी चहा झाला. मास्तर बाहेरच्या खोलीत एकटेच वाजवत होते. दादानं पेपर बाजूला ठेवला, तिच्यापुढचा कप हातात घेतला आणि त्याचा कान तिच्या डाव्या हाताकडं वळवून परत ठेवला.