टकमकने दाखवलेली बारा वर्षं

येवल्याच्या आप्पांना तुटलेला रेशमी धागा चष्म्याशिवाय दिसायचा. आणि दिसायचा म्हणजे कसा, केसाहून बारीक दोन टोकं चिमटीत धरून ते एका दमात सांधायचे. मग त्यांचे डोळे आजारी कसे असतील? हे कोडं शर्वरीला, त्यांच्या नातीला, सुटत नव्हतं.

झालं असं, की २०४४ साली आरोग्य केंद्राचे यंत्रमानव घरोघर फिरू लागले. पैठणी विणणाऱ्यांच्या गल्लीत येणारा होता गुडघ्याएवढा, त्याला एकच मोठा डोळा आणि पापणी नाही. पोरांनी नाव ठेवलं टकमक. आप्पांना आठ वर्षांपासून मधुमेह. टकमकने त्यांच्या दृष्टिपटलाचा (डोळ्यात चित्र उमटतं त्या पडद्याचा) फोटो काढला आणि म्हणाला, "सुरुवात झाली आहे. नेत्रतज्ज्ञांकडे जावं लागेल."

"जा रे," आप्पा हातमागावरूनच हसले. "सकाळपासून सात धागे सांधलेत मी. तुझ्या त्या एका डोळ्याला जमेल?"

ते उठलेच नाहीत. अख्खी गल्ली डोळे असेच तपासायची. धागा दिसला, की डोळे ठणठणीत.

शर्वरीने टकमकला ओसरीवर ओढलं. "काय सुरू झालंय? नीट सांग."

टकमकने फोटो भिंतीवर टाकला. नारिंगी गोल, त्यात फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या, आणि टाचणीच्या टोकाएवढे चार लाल ठिपके.

"रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली, की बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. त्यांना फुगवटे येतात. हे चार ठिपके म्हणजे तेच."

"मग आप्पांना कळत कसं नाही?"

"पडद्याच्या मधोमध एक छोटी जागा असते, पीतबिंदू (बारीक काम आपण याच जागेने पाहतो). ती अजून शाबूत आहे. आणि फुगवटे दुखत नाहीत."

शर्वरीला वाटलं, दुखलं असतं तर आप्पा निदान उठले तरी असते.

"पुढे काय होईल?"

"काळजी घेतली नाही तर काय होऊ शकतं, ते दाखवतो. हा अंदाज आहे. प्रत्येकाचं असंच होत नाही."

भिंतीवर वर्षं सरकू लागली. तिसऱ्या वर्षी फुगवटे पाझरले, रक्ताचे डाग पडले, पिवळट कण साचले. सातव्या वर्षी काही वाहिन्या बंदच झाल्या. तिथला पडदा प्राणवायूविना उपाशी, त्यावर कापसासारखे पांढरे डाग. दहाव्या वर्षी कडेला नवं जाळं उगवलं.

"नव्या वाहिन्या? मग बरंच की," शर्वरी आशेने म्हणाली.

"बरं नाही. उपाशी पडद्याने घाईघाईत मागवलेल्या असतात त्या. कच्च्या. सहज फुटतात."

बाराव्या वर्षी एक फुटली. काळी धार उतरत गेली आणि सगळा गोल झाकला गेला.

मागाची खटखट कधीच थांबली होती. दारात आप्पा उभे होते.

"हा माझा डोळा?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. "हो, आप्पा."

"आणि दिसत असताना हे सगळं चालू राहतं?"

"सातव्या वर्षीसुद्धा पुष्कळांना नीट दिसत असतं," टकमक म्हणाला.

आप्पा खाली बसले. मग म्हणाले, "मागं आण ते. आजच्या दिवसावर."

चार ठिपके परत आले.

"आता साखर नि रक्तदाब आटोक्यात ठेवला, दरवर्षी तपासणी केली, तर काय होईल ते दाखव," आप्पा म्हणाले.

वर्षं पुन्हा सरकली. ठिपके चार, मग पाच, मग तीन. गोल नारिंगीच राहिला.

"असं होण्याची शक्यता बरीच आहे. आणि आजार वाढलाच, तर लेझर आहे, इंजेक्शनं आहेत. मात्र वेळेत कळायला हवं."

"तपासायला डोळ्यांत थेंब घालतात म्हणे. दिवसभर माग बंद?"

"काही तास धूसर दिसेल."

"मी धरते ना तुमचा हात," शर्वरी म्हणाली. तिने हात पुढे केला.

आप्पांनी तो धरला आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला. पलीकडच्या गल्लीतल्या नथूला लावला. तोही विणकर, त्यालाही मधुमेह.

"नथू, दिसतंय ना रे तुला नीट?" त्यांनी ऐकून घेतलं. "झकास ना? मग आजच चल माझ्याबरोबर डोळे तपासायला."