दगडाखालची निळी वाटी

"माझ्या नवऱ्याला चोर म्हणतात मेले!"

नावाडीण दार ढकलूनच आत आली. मोजणीबाईंनी आपला चहाचा कप मुकाट्याने तिच्यापुढे सरकवला. बाईंनी निम्मं आयुष्य जमीन मोजण्याच्या सरकारी नोकरीत काढलं होतं आणि निवृत्तीनंतर त्या लोकांच्या भानगडी सोडवून देत. त्यांचे धाकटे दीर, भाऊजी, सगळीकडे त्यांच्यासोबत असत. भाऊजींना राग चटकन येई, उलगडा मात्र सावकाश होई.

"पहिल्यापासून सांग," बाई म्हणाल्या.

जिल्ह्याचे दोन तुकडे होणार होते. जुनं नाव कोणत्या तुकड्याकडे राहायचं, हे ठरवायला दुपारी समिती येणार होती. नावाडणीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते, की जिल्ह्याला नाव मिळालं ते तिच्या खापरपणजीचं. ती नदीच्या घाटावर होडी चालवायची. तिच्या घाटावर आधी जकातीची चौकी बसली, चौकीचा तालुका झाला, तालुक्याचा जिल्हा. पुराला कंटाळून कचेरी टेकडीवर गेली, पण नाव तेच राहिलं. टेकडीवर राहणाऱ्या एका नामांकित इतिहासकारांच्या ग्रंथात मात्र ते नाव टेकडीवरच्या बागवाल्यांच्या पूर्वजाचं होतं.

"महिन्यापूर्वी घाटाची दरड कोसळली आणि चिखलातून दगड निघाला. पहिल्या मोजणीचा, वर फक्त ते नाव कोरलेलं. आता इतिहासकार म्हणतात, दगड बागेतला! माझ्या नवऱ्याने तिथे खड्डा करून तो चोरला आणि घाटावर आणून रोवला म्हणे. काल फौजदाराने दगडही नेला आणि नवराही."

भाऊजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चला वहिनी, त्या फौजदाराला आधी..."

"आधी बाग," बाई म्हणाल्या.

बागेत बागवाले त्या खड्ड्याच्या काठावर कपाळाला हात लावून उभे होते. पन्नाशीचा गृहस्थ, पण डोळ्यांत पाणी. खड्ड्याच्या शेजारीच भलंमोठं झाड होतं.

"दगड गेला तर गेला हो. पण या झाडाजवळ मी माळ्यालासुद्धा कुदळ मारू देत नाही. ज्याने मुळ्या तोडल्या त्याचे हात झडोत!"

"दगड तुम्ही कधी पाहिला होता?"

"नाही. इकडे नुसती झुडपं होती. इतिहासकार सर म्हणाले, इथेच होता. त्यांना कळणारच ना."

बाई खड्ड्यात उतरल्या. एका जाड मुळीचं तुटकं टोक या भिंतीत होतं आणि दुसरं टोक बरोबर समोरच्या भिंतीत. बाईंनी भाऊजींना दोन्ही टोकं दाखवली. भाऊजींनी मान डोलावली, पण त्यांना काही कळलं नव्हतं.

पोलीस चौकीत फौजदारांनी खड्ड्यात सापडलेला ऐवज टेबलावर ओतला. कोळसे आणि निळ्या चिनी मातीचे तुकडे. कोठडीतून नावाडी ओरडला, "बाई, मला कोळसा ठाऊक नाही नि वाटी ठाऊक नाही! दगड मी फक्त धुतला!"

इतिहासकारांनी घरी आलेल्या या पाहुण्यांना बसासुद्धा म्हटलं नाही.

"तुम्ही घाटावर गेला होता?" बाईंनी विचारलं.

"त्या चिखलात? कधीच नाही."

"मग दगड बागेतला, हे कशावरून?"

"जुने मोजणीदार हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरत आणि निळी वाटी फोडून टाकत. मी फौजदारांना तक्रारीतच सांगितलं, खड्डा उकरा, दोन्ही मिळेल. मिळालं!"

"निळीच वाटी?"

"निळीच," ते गुर्मीत म्हणाले.

बाहेर पडल्यावर भाऊजी दात-ओठ खात म्हणाले, "वहिनी, या माणसाचं बोलणं ऐकून डोक्यात तिडीक जाते. पण खुणा तर बागेतच मिळाल्या."

"घाटावर अजून कुणी उकरलंय कुठे?" बाई म्हणाल्या.

दुपारी बाईंनी सगळ्यांना घाटावर बोलावलं. समिती आली, फौजदार बेडी घातलेल्या नावाड्याला घेऊन आले. बागवाले आणि इतिहासकारही आले. दगड जिथे उभा होता तिथे भाऊजींनी फावडं चालवलं. खालून कोळसे निघाले. मग निळे तुकडे.

बाईंनी त्यातला एक तुकडा उचलला आणि फौजदारांकडच्या तुकड्याला लावला. कड कडेला नेमकी बसली.

"वाटी एकच," बाई म्हणाल्या. "अर्धी एका जागेवरून दुसरीकडे नेली. खरी जागा कोणती? बागेतल्या खड्ड्यात एकच मुळी समोरासमोरच्या दोन्ही भिंतींत तुटलेली आहे. म्हणजे ती मधून सरळ गेली होती. तिथे शंभर वर्षं दगड असता, तर मुळी वळसा घालून गेली असती. त्या मातीत दगड कधीच नव्हता."

"मग या माणसानेच..." फौजदारांनी बागवाल्यांकडे बोट केलं.

"झाडासाठी रडणारा माणूस त्याच्या मुळीवर कुदळ घालेल? आणि तिथे दगड होता, हेही त्यांना सरांनीच सांगितलं. कोळसा सगळेच मोजणीदार पुरत, हे माहितगाराला कळतं. पण दुसरी खूण प्रत्येक तुकडी आपल्या मर्जीने ठरवी. कुणी शिंपले टाकी, कुणी कौलं. कुणाला नक्कल करता येऊ नये म्हणून ती कुठेही लिहीत नसत. मग सर, बागेतला खड्डा उकरण्याआधीच तुम्हाला निळी वाटी कशी ठाऊक? घाटावर तर तुम्ही पाऊलही ठेवलं नव्हतं!"

इतिहासकारांचा चेहरा पडला. मग एकदम ते फुटले. "तीस वर्षं घातली मी त्या ग्रंथात! आणि एका होडीवालीसाठी तो रद्दीत घालू? जिल्ह्याला काय असल्या बाईचं नाव देतात?"

"तुम्ही!" बागवाले ओरडले आणि त्यांच्या अंगावर धावले. फौजदारांनी त्यांना कसंबसं आवरलं. भाऊजींच्या हातात अजून फावडं होतं. ते त्यांनी मोठ्या कष्टाने खाली ठेवलं.

नावाडीण पुढे आली.

"आयुष्यभर कुणी विचारलं, कुठले तुम्ही, तर तिचंच नाव सांगत आलात ना, सर? तुमच्या दारात आलेल्या प्रत्येक पत्रावर तिचंच नाव होतं. तेव्हा नाही लाज वाटली?"

फौजदारांनी नावाड्याची बेडी काढली आणि ती इतिहासकारांच्या हातात घातली.

चौकी नदीपलीकडे होती. नावाड्याने मनगट चोळलं, होडी सोडली आणि इतिहासकारांकडे पाहिलं.

"बसा सर," तो म्हणाला. "तिच्याच घाटावरून नेतो."